पाच ते आठ

देसांका : दारोदार गेलीस? सगळ्यांच्या?

काइसा : हो, आई. वरच्या आळीपासून थेट गिरणीपर्यंत. एकही घर सोडलं नाही. पाय मोडल्यापासून तुम्हाला उठता येत नाही, म्हटलं हे तरी काम आपण परस्पर उरकावं. तुम्हाला आनंद होईल.

देसांका : आणि सांगितलंस काय?

काइसा : सांगितलं, एकतीस तारखेला आमच्या घराच्या संताचा दिवस आहे. संत लुका. स्लावा. आपण सर्वांनी कृपया यावं. पाच ते आठ.

विदोसावा : काय पाच ते आठ?

काइसा : वेळ, विदामावशी. संध्याकाळी पाच ते आठ. कोणी विसरू नये म्हणून प्रत्येकाला कार्डसुद्धा दिलं. कोपऱ्यात फुलं काढली होती.

विदोसावा : देसा, मला पाणी दे गं. नको, तुला कुठे उठता येतंय. आणि पाणी नकोच, कडक राकिया दे. कुठे ठेवलीस बाटली?

देसांका : खिडकीत. मलाही ओत. आणि काय गं, आठ वाजता काय करणार होतीस? झाडू घेऊन हाकलणार होतीस सगळ्यांना?

काइसा : नाही. आठ वाजता ते स्वतःच उठतील. आमच्याकडे उठतात.

विदोसावा : आता कळलं! म्हणूनच कालपासून गाव असं पेटलंय. मी म्हणत होते, झालंय तरी काय. दुकानात रोसांदा ओरडत होती, चाळीस वर्षं मी त्या घरी जातेय, त्या घराच्या भिंतींनी मला लेकुरवाळी होताना पाहिलं, विधवा होताना पाहिलं, आणि आता ही कालची आलेली मला परवानगी देते होय? तुझ्या कार्डानं तिनं चूल पेटवली.

काइसा : परवानगी नाही! मी बोलावलं. मानानं बोलावलं. मला समजत नाही. बोलावणं वाईट?

देसांका : पोरी, लग्नाला बोलावतात. बारशाला बोलावतात. स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. ज्याचे बाप-आजे आले तो येतो. बोलावलं म्हणजे काय झालं? म्हणजे आजवर तू परका होतास, आणि या वर्षी मी तुला येऊ देते.

काइसा : देवा.

विदोसावा : म्हणून तर मला तुझा राग होता. आता बोलतेच. मे महिन्यात माझ्याकडे संत जॉर्ज होता. देसा आली. तू नाही आलीस. मी ताटावर ताट झाकून ठेवलं तुझ्यासाठी. रात्री कुत्र्याला घातलं.

काइसा : तुम्ही मला बोलावलं नव्हतं, मावशी. मी दिवसभर त्या खिडकीत बसून होते. तुमच्याकडचं गाणं ऐकू येत होतं. मला वाटलं, तुम्हाला मी नको आहे.

विदोसावा : अगं माझे बाई.

काइसा : आमच्याकडे न कळवता कोणी दारात आलं, तर लोक दिवा मालवून गप्प बसतात. मीही बसले आहे तशी. लहानपणी आम्ही सगळे जमिनीवर आडवे पडायचो, बाहेरच्याला खिडकीतून दिसू नये म्हणून. न बोलावता जाणं म्हणजे... चोरी. मी या गावात वसंतात आले. त्यानंतर सगळ्या स्लावांना मी घरी बसले. माझ्या मते मी सभ्यपणे वागत होते.

देसांका : आणि गावाच्या मते माझ्या मिलिसावनं स्वीडनच्या कारखान्यातून एक गर्विष्ठ फिनलंडची राणी उचलून आणली.

विदोसावा : बर्फाची राणी म्हणतात. मी नाही म्हणत हं. पण म्हणतात.

देसांका : स्रेतेन काय म्हणतो?

विदोसावा : तुझा दीर ना? तो खानावळीत बसून मिशीत हसतोय. सगळ्यांना सांगतोय, तिहोमिरदादा गेला, मिलिसाव परदेशी, म्हातारीचा पाय मोडलेला. त्या दिवशी एक माणूस फिरकणार नाही. मग संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन जाईन आणि संताची तसबीर माझ्या घरी आणीन. देसानं कबूल केलंय म्हणतो.

काइसा : आई? तुम्ही कबूल केलं?

देसांका : तिहोमिर गेल्यावर चाळिसाव्या दिवशी विचारलं त्यानं. मी काय बोलणार? दोनशे वर्षं त्या तसबिरीसमोर या घरात मेणबत्ती पेटली. रिकाम्या खोलीत पेटवत बसू? स्लावाला माणूस नाही आला, तर ती विझलेलीच. तुझा काही दोष नाही, पोरी. तू या मातीतली नाहीस. मी म्हटलं, यंदा गाव आलं तर तसबीर इथे राहील. नाही आलं तर घेऊन जा.

काइसा : आणि मी जाऊन गावाला कार्डं वाटली.

देसांका : फुलांची.

विदोसावा : ए देसा, फार टोचू नकोस तिला. तू नवी आलीस तेव्हा काय केलंस, सांगू? ऐक गं काइसा. तुझ्या सासूनं पहिल्याच स्लावाला रात्री मेणबत्ती फुंकली! कंदील विझवतात तशी, फू करून! सासरा खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

काइसा : मग कशी विझवतात?

देसांका : वाइनचा थेंब सोडून. हे बघ, मी डोंगरापलीकडची. आमच्याकडे पाद्रीबाबा विझवायचे, मला काय ठाऊक. ईस्टरपर्यंत सासू बोलली नाही माझ्याशी. विदे, तुला दुसरं काही आठवत नाही का गं कधी?

विदोसावा : आठवतं ना. पण हेच गोड लागतं. बरं, मी निघते. आज संत पेत्का, रोसांदाकडे सगळं गाव जमलं असेल. मी उशिरा पोचले तर चांगली जागा जाईल.

काइसा : रोसांदामावशींकडे आज स्लावा आहे? आज?

विदोसावा : आजच. म्हणून तर नटलेय एवढी. का?

काइसा : सगळं गाव तिथे आहे?

विदोसावा : पाळण्यातलं पोर सोडून सगळं.

काइसा : मग मी जाते.

देसांका : कुठे जातेस?

काइसा : रोसांदामावशींकडे. न बोलावता.

विदोसावा : चल मग! माझ्याबरोबर चल. मी हात धरून आत नेते, कोणाची हिंमत आहे...

देसांका : नाही. तुझ्याबरोबर गेली तर ती तुझी पाहुणी. उद्या म्हणतील, विदानं ओढून आणली. एकटी जायला हवी. जाशील?

काइसा : आई, माझे हात बघा. गार पडलेत. पण जाईन. मला फक्त सांगा कसं. सगळं सांगा. एकही गोष्ट गृहीत धरू नका.

देसांका : विदे, तू पुढे हो. आणि तोंड बंद ठेव.

विदोसावा : मी? माझं तोंड म्हणजे विहीर. टाकलेलं वर येत नाही.

देसांका : हं. येत नाही म्हणे. आता ऐक, काइसा. कपाटातली कॉफीची पुडी घे, रिकाम्या हातानं जायचं नाही. आत गेल्यावर म्हणायचं, स्लावा सुखाची होवो, घरधनीण. घरधनीण त्या दिवशी बसत नाही, उभीच असते, तेव्हा तिला बसा बसा म्हणू नकोस, अपमान होतो. ती गोड गहू पुढे करेल. मान झुकव, आणि एक चमचा घे. एकच.

काइसा : एकच.

देसांका : आणि उष्टा चमचा परत गव्हात घालायचा नाही. शेजारी दोन ग्लास असतात, एकात स्वच्छ चमचे, दुसरा रिकामा. उष्टा त्या दुसऱ्यात. मग वाइनचा घोट. मग बस म्हणेल तिथे बस. आणि ती काय वाटेल ते बोलली तरी उठून यायचं नाही.

काइसा : ती हाकलेल का मला?

देसांका : स्लावाच्या दिवशी कोणी कोणाला हाकलत नाही. पण रोसांदा आहे ती. तिला न हाकलता हाकलता येतं.

*

देसांका : कधीची वाट बघतेय मी! दिवे लागले केव्हाचे. ये, इकडे उजेडात ये. रडलीस?

काइसा : नाही. राकिया. आणि कोबी. आई, मला बसू द्या. मी चार वेळा सार्मा खाल्ला, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा.

देसांका : चार वेळा?

काइसा : ताटात टाकणं वाईट, म्हणून मी संपवते. मी संपवलं की त्या वाढतात. मी पुन्हा संपवते, पुन्हा वाढतात. मला वाटलं ही शिक्षा आहे. शेवटी विदामावशींनी टेबलाखालून लाथ मारली आणि कानात म्हणाल्या, अगं वेडे, थोडं ताटात ठेव, म्हणजे त्या थांबतील.

देसांका : ते सांगायचं राहिलंच माझं. पण पहिल्यापासून सांग. आत गेलीस कशी?

काइसा : आधी फाटकात उभी राहिले. खूप वेळ. कुत्रा भुंकून दमला आणि झोपला. खिडकीत सगळी तोंडं दिसत होती. मला वाटलं कोणी येईल, दार उघडेल. कोणी आलं नाही. मग मी दार वाजवलं.

देसांका : वाजवलंस! स्लावाच्या दिवशी!

काइसा : आत गाणं थांबलं. नंतर कळलं, त्यांना वाटलं पोलीस आले. पण कोणी ‘या’ म्हणेना. मग मला तुमचं वाक्य आठवलं. दार उघडं असतं. मी ढकललं, ते उघडंच होतं.

देसांका : आणि?

काइसा : सगळे बसलेले. रोसांदामावशी हातात तबक घेऊन उभ्या, काळ्या रुमालात. मी म्हटलं, स्लावा सुखाची होवो, घरधनीण. स्रेतेनकाका कोपऱ्यातून हसले. मग रोसांदामावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, तुला कोणी बोलावलं?

देसांका : बघितलंस! म्हटलं ना मी, न हाकलता हाकलते ती. मग? तू काय म्हणालीस?

काइसा : माझ्या डोक्यातले सगळे शब्द गेले. तुम्ही शिकवलेले सगळे. जे खरं होतं तेवढंच उरलं. मी म्हटलं, कोणीच नाही.

देसांका : कोणीच नाही!

काइसा : मग गिरणीवाला म्हातारा लावेता आहे ना, त्यानं टेबलावर थाप मारली आणि इतका हसला की बसवलेले दात पडले त्याचे, खरंच पडले, वाइनच्या ग्लासात. मग सगळेच हसले. मला कळेना, मी काय विनोद केला?

देसांका : विनोद नाही गं. त्या प्रश्नाला या गावात दुसरं उत्तरच नाही. रोसांदा हसली?

काइसा : नाही. पण तबक माझ्यापुढे केलं. मी मान झुकवली. एक चमचा घेतला. उष्टा चमचा दुसऱ्या ग्लासात ठेवला. सगळ्या बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. चमचा वाजला ग्लासात, तेव्हा रोसांदामावशी म्हणाल्या, कॉफीची पुडी टेबलावर ठेव आणि लावेताशेजारी बस.

देसांका : लावेताशेजारी! तो तर पहिला मान. आणि आपल्या दिवसाचं? त्याचं काही निघालं का?

काइसा : निघाले तेव्हा निघालं. सगळ्यांच्या देखत रोसांदामावशींनी विचारलं, मग काय, एकतीसला आम्ही यायचं ना, पाच वाजता, तुझ्या कार्डाप्रमाणे? आणि मी, आई, मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. मी म्हटलं, पाच वाजता? कसलं कार्ड? मी कोणालाच बोलावलेलं नाही.

देसांका : माझ्याकडे ये. खाली वाक. मला एवढंच उठता येतं. वाक, कपाळ दे.

काइसा : पण त्या काही बोलल्या नाहीत, आई. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. दार लोटून घेतलं.

देसांका : मग आता बघायचं. चार दिवस तर आहेत. उद्या गहू भिजत घाल.

*

(एकतीस ऑक्टोबर. दुपार उतरतेय. घराचं दार सताड उघडं. तसबिरीसमोर उंच मेणबत्ती जळतेय.)

देसांका : दार लोटून घे. वारा येतोय. ज्योत बघ कशी वाकतेय.

काइसा : दार उघडं राहू द्या, आई. मी मेणबत्तीपुढे उभी राहते. माझ्या पाठीला वारा लागेल, तिला नाही लागणार.

देसांका : सकाळपासून उभीच आहेस. मिलिसावचा काही पत्ता?

काइसा : त्यानं पोस्टात फोन केला होता. बोट उशिरा सुटली. बहुतेक उद्या पोचेल.

देसांका : म्हणजे आज या घरात पुरुष नाही. सकाळी पाद्रीबाबांनी विचारलं, स्लावाचा पाव कोण फिरवणार माझ्याबरोबर? मी म्हटलं, माझी सून. हात थरथरला नाही तुझा, मी बघत होते. तिहोमिरचा दर वर्षी थरथरायचा.

काइसा : पावाखाली लपवली होती थरथर.

देसांका : तिहोमिर असता तर आत्तापर्यंत अंगणात माणूस मावला नसता. घोडे त्या अक्रोडाला बांधायचे. माझी सासू ओरडायची, अक्रोडाची साल खातात म्हणून. आता घोडेही नाहीत, अक्रोडही नाही. किती वाजले?

काइसा : पाच वाजताहेत. ऐका, ठोके पडताहेत.

देसांका : वाट बघू नकोस. पाचला कोणी नाही आलं.

काइसा : नाही.

देसांका : खडा पडला तरी ऐकू यावा असा रस्ता शांत आहे. कपाटातून ती पांढरी चादर काढ, पोरी. तसबीर पुसून गुंडाळून ठेवू. स्रेतेनच्या घोंगडीत नको जायला. तू जमेल ते सगळं केलंस. हे मी सगळ्यांना सांगेन.

काइसा : चादर नाही काढणार.

देसांका : काइसा.

काइसा : आई, मी तुमचा शब्द कधी मोडला नाही. आज मोडते. मेणबत्ती अर्धी बाकी आहे. ती संपेपर्यंत मी बसणार नाही, आणि दार लावणार नाही. हे तुम्हीच शिकवलंत.

विदोसावा : देसा! मी आलेले नाही हं! मागच्या दारानं आलेय, मीठ मागायला, म्हणजे हे येणं धरायचं नाही!

देसांका : विदे? कसलं मीठ? तू तरी पुढच्या दारानं यायचंस गं मेले!

विदोसावा : येणार आहे ना! पण आत्ता नाही. अगं, सगळं गाव गिरणीच्या पुलावर उभं आहे. रोसांदानं अडवून धरलंय सगळ्यांना, काठी आडवी घालून. म्हणते, पाच वाजून चांगला वेळ जाऊ दे. पाचच्या ठोक्याला गेलो तर उद्या कोणी म्हणेल, कार्ड आलं म्हणून गेलो. आम्ही काय पाहुणे आहोत का! लावेताचे पाय गारठलेत, तो म्हणतो जाऊ द्या आता, तर ही म्हणते आणखी थोडं. मला राहवलं नाही, म्हटलं ह्या दोघी इकडे मरतील काळजीनं.

काइसा : पुलावर? सगळे?

विदोसावा : पाळण्यातल्या पोरासकट! आले बघ, ऐकू येताहेत. मी पळते, पुढच्या दारानं येते. मी आले नव्हते हं! आणि मीठ दे थोडं, खोटं नको पडायला.

देसांका : काइसा, माझा रुमाल सरळ कर. खुर्ची दाराकडे फिरव. आणि तू अशी रडत उभी राहू नकोस, तबक घे हातात. घरधनीण आहेस तू.

*

विदोसावा : सरका जरा, सरका, म्हाताऱ्यांना चुलीशी जागा द्या. देसा, अंगणातसुद्धा माणसं बसलीत. स्रेतेन आला बघ. काखेत घोंगडी आहे अजून.

देसांका : ये, स्रेतेन. आधी गहू घे. घोंगडी बरी आणलीस, पुलावर लावेताचे पाय गारठलेत, त्याच्यावर घाल.

विदोसावा : हाहा! घालतोय बघ खरंच! काइसा, रोसांदा काय म्हणाली गं तुला दारात? मी मागे होते, ऐकू नाही आलं.

काइसा : काही नाही. मी विचारलं, मावशी, तुम्हाला कोणी बोलावलं?

विदोसावा : विचारलंस! रोसांदाला!

काइसा : त्या म्हणाल्या, कोणीच नाही. आणि मग हसल्या. मावशी, त्यांना खालचे दात नाहीत, मला माहीतच नव्हतं.

देसांका : चाळीस वर्षांत मलाही माहीत नव्हतं. किती वाजले गं? आठ वाजले का? भिंतीवरचं घड्याळ कुठे गेलं?

काइसा : पिठाच्या डब्यात ठेवलं.

विदोसावा : ए, गप्प बसा रे जरा! गाणं थांबवा! दार वाजवतंय कोणीतरी!

देसांका : उघडं दार कोण वाजवतंय? पोलीस?

काइसा : कोण आहे?

मिलिसाव : मी आहे. मिलिसाव. ट्रकवाल्यानं सोडलं नाक्यापर्यंत. येऊ का आत?

विदोसावा : ऐका हो ऐका! स्वीडनमध्ये जाऊन काय झालं बघा पोराचं! स्वतःच्या घरात येऊ का विचारतोय!

काइसा : तुला कोणी बोलावलं?

मिलिसाव : कोणी बोलावलं म्हणजे? काइसा? कोणीच नाही... सगळे हसताय काय? आई, काय झालं यांना?

देसांका : काही नाही, बाळा. सगळं ठीक आहे. ये.

मिलिसाव : मला वाटलं घर अंधारात असेल. वाटेत मनाची तयारी करत आलो. आणि हे... हे तर बाबांच्या वेळेसारखं. दे, काइसा, तबक इकडे दे. दमली असशील. घरधनी उभा असतो आज, मी राहतो उभा. तू बस.

देसांका : तू बस. रोसांदाशेजारी जागा आहे. आज उभी काइसा आहे.

काइसा : हं, घे. मान झुकव आधी. एकच चमचा, मिलिसाव. आणि उष्टा चमचा त्या दुसऱ्या ग्लासात.